हात कोणता मोडला होता

दि. ३ फेब्रुवारी

चि. ठमीस,

आशीर्वाद. तू हाडांची डॉक्टरीण झालीस, लोक तुला मॅडम म्हणतात, तरी मी ठमीच लिहिणार.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. सकाळी चालून येतो. एका माणसाचा स्वयंपाक करायला घेतो, तो दोन माणसांचा होतो, उरलेला संध्याकाळी खातो. तुझी आई होती तेव्हा मिठाचा अंदाज तिला विचारत असे. आता विचारायला कोणी नाही म्हणून कमीच घालतो. रक्तदाब तेवढा खूश आहे.

आता घडलंय म्हणून लिहितो. आमच्या जुन्या पंपहाउसच्या मागे, टेकडीच्या अंगाला, नव्या पाइपलाइनसाठी चर खणतायत. मला निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी जुना व्हॉल्व्ह कुठे गाडलाय हे विचारायला फिटर अजून माझ्याकडेच येतो. परवा आला तो घामाघूम होऊन. म्हणाला की मिस्त्री, चरात माणूस सापडलाय. माणूस म्हणजे हाडं. काम बंद झालं, पोलीस येऊन दोरी बांधून गेले. सरकारी डॉक्टरांनी पाहून सांगितलं, पुरुष आहे, वय विशीच्या आसपास, आणि डावा हात कोपराच्या खाली कधीतरी मोडून सांधलेला आहे.

तू ऐकलं असशीलच. दादा आठ वर्षांचा असताना भिंतीवरून पडला आणि त्याचा डावा हात मोडला. प्लास्टर घालायला मीच नेलं होतं त्याला खांद्यावर घेऊन. आणि घरातून गेला त्या दुपारी तो टेकडीच्या बाजूलाच चालला होता, हे पंपावरच्या तिघांनी पाहिलं होतं. एकोणीस वर्षांचा होता. तो परत आला नाही, त्याला आता सव्वीस वर्षं झाली.

मी कोणाला काही बोललो नाही. सकाळचं चालणं तेवढं तिकडे वळवलंय. दोरीबाहेर उभा राहतो आणि परत येतो. डॉक्टर म्हणाले की हाडं जुनी वाटतात, जाणकाराला दाखवा. मी तुझं नाव सांगितलं नाही, तुझ्या खात्याचं सांगितलं. ये असं मी म्हणत नाही. येशील का, एवढंच विचारतो.

कळावे. जिवाला जप. लोभ आहेच, लिहायचा राहून जातो एवढंच.

तुझा,
बाबा

*

दि. ९ फेब्रुवारी

ती. बाबांना,

साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र खोलीवर वाचलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर नेऊन पुन्हा वाचलं. माझी कामाची जागा तळघरात आहे, हे तुम्हाला ठाऊक नसेल, कारण तुम्ही ती पाहिलेलीच नाही. नऊ वर्षं मी या शहरात आहे, आणि दर वर्षी तुमचं एकच उत्तर, पुढच्या वर्षी बघू. तर ऐका. तीन लांब टेबलं, वर दोन ट्यूब, त्यातली एक फडफडणारी. वाळूच्या ट्रेमध्ये कवट्या, दात घासायचे मऊ ब्रश आणि भिंतीभर पुठ्ठ्याचे खोके. प्रत्येक खोक्यात एक माणूस. सोबतीला एवढी माणसं आणि बोलणारं एकही नाही. मीच बोलते त्यांच्याशी. वरच्या मजल्यावरच्या कारकुनांनी माझं नाव भुताची मावशी ठेवलंय. माझ्या तोंडावर म्हणत नाहीत, पण जिन्यात सगळं ऐकू येतं.

पोलिसांचं पत्र आमच्या साहेबांकडे आलं. गाव तुझंच आहे, दुसऱ्या कोणाला पाठवू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं मीच जाते. का, ते सांगितलं नाही.

पंधरा तारखेला पोचते. बाबा, एक मनापासून सांगते, राग मानू नका. टेकडीखाली माती फार जुनी आहे. विशीतली मुलं सगळ्या काळात मेली आहेत, आणि हातही सगळ्यांचे मोडले आहेत. आधीपासून काही ठरवू नका. हाताबद्दल प्रत्यक्ष बोलू.

मीठ कमी तर कमी, पण जेवण दोन वेळा करा. लोभ आहे तसाच ठेवा, निदान मी पोचेपर्यंत.

तुमची,
ठमी

*

दि. २४ फेब्रुवारी

ती. बाबांना,

साष्टांग नमस्कार.

बसस्टँडवर तुम्ही माझ्याकडे न बघता बसचा नंबर वाचत उभे राहिलात, तेव्हाच ठरवलं होतं की पोचल्यावर सगळं लिहायचं. समोर बोलता आलं नाही. आपल्या घरात बोलण्याची सवयच मोडलीय.

मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. पहिल्या दिवशी कसलं, पहिल्या तासाभरात. ताडपत्री काढली, जबड्यावरची माती ब्रशने झाडली आणि दात दिसले. अक्कलदाढा नुकत्याच आलेल्या, म्हणजे वय खरोखर विशीतलं. पण मागच्या दाढा झिजून सपाट झालेल्या. दगडावर दळलेल्या पिठातली कच वर्षानुवर्षं चावल्याशिवाय दाढा अशा होत नाहीत. दादाच्या दाढा अशा असणं शक्य नव्हतं. तो दादा नव्हता.

तरी मी दोन दिवस गप्प राहिले. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून आला होतात, केस विंचरून. चर खणणाऱ्या सगळ्यांसाठी चहाची किटली आणलीत आणि कठड्यावर बसून राहिलात. मी एकेक हाड उचलताना तुमचा हात किंचित पुढे व्हायचा. फिटरने मला बाजूला घेऊन सांगितलं की मिस्त्री कितीतरी वर्षांनी हसले. मग माझी जीभ रेटेना. शेवटी तिसऱ्या दिवशी, पाटीवर नंबर लिहिता लिहिता, सर्वांदेखत, एखाद्या अहवालासारखं बोलून गेले. ते तुम्हाला घरी सांगायला हवं होतं. माझं चुकलं.

आणि अजून एक. तुमचं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच मला शंका होती. दादाचा डावा नाही, उजवा हात मोडला होता. सहा आठवडे तो डाव्या हाताने जेवत होता, आणि आई ओरडली की मुद्दाम भात सांडायचा. ही गोष्ट मी जन्मायच्या आधीची, पण आई हसून हसून इतक्या वेळा सांगायची की मला ती पाहिल्यासारखी आठवते. हे मी पत्रात लिहिलं नाही, कारण माझ्याही मनात आलं की आईच्या सांगण्यात चूक असेल, तुमचंच खरं असेल. बाबा, हाडं वाचणं हे माझं पोट आहे, आणि तरी पूर्ण प्रवासभर मी देवाकडे डावा हात मागत होते.

हाडं इथे आणली आहेत. तपासणीला दोन महिने लागतील. तुम्ही लिहा. रागवायचं असेल तर तसं लिहा.

तुमची,
ठमी

*

दि. २८ मार्च

चि. ठमीस,

आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. त्यानंतरची दोन कार्डंही मिळाली. तब्येत बरी आहे. चर बुजवला, पाइप टाकून झाला. पाण्याला दाब चांगला येतो.

तुझ्यावर राग नाही. राग आहे तो दुसऱ्याच कोणावर. ज्या पोराला खांद्यावर घालून दवाखान्यात नेलं, त्याचा कोणता हात गळ्यात बांधला होता हे मला आठवू नये? महिनाभर आठवतोय. दवाखान्याचा जिना आठवतो, त्याचं रडणं आठवतं, माझ्या शर्टाला लागलेलं त्याचं नाक आठवतं. हात आठवत नाही.

त्या दुपारचं मात्र सगळं आठवतं. तुझ्या आईलाही मी पूर्ण सांगितलं नव्हतं. मी त्याच्यासाठी पंपावर नोकरीचा शब्द टाकला होता, आणि तो म्हणाला की मला पाण्याच्या आवाजात आयुष्य काढायचं नाही. मी म्हणालो की मग तुझं तोंड मला दाखवू नकोस. तो म्हणाला, बरं. भांडला नाही, दार आपटलं नाही. बरं म्हणाला आणि चप्पल घालून गेला. इतका आज्ञाधारक तो आधी कधीच नव्हता.

दुसरं काही लिहिण्यासारखं नाही. त्या मुलाचं काय कळलं ते कळव.

बाबा

*

दि. २ मे

ती. बाबांना,

साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्याबद्दल काही लिहीत नाही. भेटू तेव्हा शेजारी बसेन, एवढंच.

तुम्ही त्या मुलाचं विचारलंत. अहवाल साहेबांकडे गेलाय, पण अहवालात हाडांची मापं असतात. तुम्हाला मुलाबद्दल लिहिते.

तो बाराशे वर्षांपूर्वीचा आहे, पन्नासेक वर्षं इकडेतिकडे. मेला तेव्हा विशीच्या आत-बाहेर होता. तीन-चार वर्षांचा असताना त्याने उपासमार तरी काढली किंवा मोठं दुखणं तरी. त्या वेळी दात बनत होते, ते बनायचे थांबले, त्याची रेघ अजून दिसते. त्यातून तो वाचला. मानेचे मणके दबले आहेत, म्हणजे लहानपणापासून डोक्यावर ओझी वाहिली असणार. घोट्यांवर उकिडवं बसून बसून पडलेल्या खुणा आहेत. हात मोडला तो दहा-बारा वर्षांचा असताना. पट्ट्या बांधणारा कोणी हुशार होता, हाड सरळ सांधलंय. कशाने मेला ते कळलं नाही. ताप बहुधा. ताप हाडावर काही लिहून जात नाही.

आता तुमच्या खात्यातली गोष्ट. माणूस लहानपणी जिथलं पाणी पितो, त्या पाण्याची खूण दातांत राहते. मोठेपणी कुठेही गेला तरी ती पुसत नाही. तर याचं पाणी आपल्या टेकडीचं नव्हतं. आसपासचंही नव्हतं. फार लांबून, डोंगरापलीकडून आलेला मुलगा होता तो. जवळपास दुसरी कुठलीच कबर सापडलेली नाही, म्हणजे इथे त्याचं नात्याचं कोणी असेल असं वाटत नाही.

पण बाबा, त्याला कोणीतरी नीट निजवलं होतं. कुशीवर, गुडघे जवळ घेऊन. डोक्याखाली एक चपटा दगड होता, खणताना बाजूला पडलेला, पण मातीत त्याचा ठसा शाबूत होता. तो दगड तिथला नाही, नदीतला आहे, गुळगुळीत. कोणीतरी तेवढ्यासाठी नदीपर्यंत गेलं. उशाला ठेवायला. हाताशी एक वाडगं होतं. ज्यांनी हे केलं त्यांनी त्याच्या आईबापाला कधी पाहिलं नसावं. आणि त्या आईबापाला हे कधी कळलं नसावं.

मी अहवालात यातलं शेवटचं काही लिहिलं नाही. विज्ञानात "नसावं" ला फार जागा नसते. ते तुमच्यासाठी.

लोभ वाढवा म्हणणार नाही. आहे तो पुरतो मला.

तुमची,
ठमी

*

दि. १४ मे

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी फिटरला वाचून दाखवलं. तो म्हणाला की त्याच्या कुदळीने तो दगड बाजूला फेकला होता, उशी आहे हे त्याला काय माहीत. मग आम्ही दोघं तो शोधायला गेलो नाही, कारण तू तो आधीच उचलून नेलायस हे मला ठाऊक होतं. तरी फिटरला दोन दिवस वाईट वाटत होतं. माणूस चांगला आहे.

मी बराच वेळ त्या दगड आणणाऱ्याचा विचार करत होतो. परक्याच्या पोरासाठी नदीपर्यंत जायचं आणि चांगला दगड निवडायचा. पहिला हाताला लागेल तो उचलला नसणार. अशी माणसं तेव्हा होती, तर मधल्या काळात संपली असतील असं मला वाटत नाही. कोणत्या गावात, कोणत्या दवाखान्यात, मला माहीत नाही. जिवंत असेल तर जेवू घालणारं कोणी असेल, नसेल तर निजवणारं कोणी असेल. याच्यापुढे मला काही सुचत नाही, पण एवढ्यावर मला झोप लागते.

तर मी येतो आहे. मंगळवारच्या बसचं तिकीट काढलंय. आठ दिवस राहीन. तू दर वर्षी बोलावलंस आणि मी पुढच्या वर्षी बघू म्हणालो, तेव्हा तुला वाटलं असेल म्हाताऱ्याला प्रवासाचा कंटाळा आहे. तसं नव्हतं. सव्वीस वर्षांत मी एक रात्र घर सोडलं नाही. तुझ्या आईला दवाखान्यात ठेवलं तेव्हासुद्धा रात्री झोपायला घरी आलो, आणि ती समजली. त्याने यावं आणि दाराला कुलूप असावं, हे मला नको होतं.

तुझं तळघर दाखव. त्या मुलालाही बघीन म्हणतो. फडफडणाऱ्या ट्यूबचा चोक गेलाय, मी येताना घेऊन येतो.

दारावर खडूने पाटी लिहिलीय की मुलीकडे गेलो आहे, पुढच्या मंगळवारपर्यंत परत येईन. खाली तुझा पूर्ण पत्ता. शेजारीण म्हणाली की एवढी ठसठशीत अक्षरं कशाला, पोस्टमनला बारीकही दिसतं. पाटी पोस्टमनसाठी नाही. आता पंचेचाळिशीचा झाला असेल तो. चाळिशीचा चष्मा लागला असणार, आणि वस्तू विसरायची सवय त्याला लहानपणापासूनच.

कळावे. बाकी भेटीत.

तुझा,
बाबा