चिंच अख्खी दिसली होती

सर,

तुमचं ते भिंग मला शेवटी केवढ्याला पडलं, ते आधी सांगतो. आपल्या शाळेची जुनी इमारत पाडली तेव्हा प्रयोगशाळेतलं सामान कळवणच्या एका भंगारवाल्याने उचललं, आणि त्याच्या ढिगात, मोडक्या बाकांच्या खाली, मला ती लाकडी पेटी दिसली. भंगारवाल्याने पैसे घेतले नाहीत. "घ्या शेठ," तो म्हणाला, "पैशाचं राहू द्या. आमच्या मंडळीला सुई ओवता येईना, तिला तेवढा चष्मा करून द्या." म्हणजे एक चष्मा. नाशिकहून जाऊन-येऊन एक रविवार. आणि त्याच्या खूप आधी, माझी शाळा. तसलं भिंग बाजारात कुठेही मिळतं, शाळा मात्र मला एकच होती आणि ती मी त्या भिंगापायी घालवली. हा हिशेब तुम्ही कधी मांडला नाहीत, म्हणून मला मांडावा लागतोय.

पेटी तिथेच, भंगाराच्या काट्यावर ठेवून उघडली. आत लाल मखमल, मखमलीत भिंग, आणि भिंगावर एक चरा नाही. नवं कोरं! माझं डोकं फिरलं ते तिथे. पितळी स्टँडला वाळलेलं कुंकू चिकटलं होतं, म्हणजे पूजा अगदी वेळच्या वेळी झालेली. पोरांच्या किती तुकड्या त्या वर्गातून गेल्या असतील! कोणी शेती धरली, कोणी नामपूरच्या बाजारात कांद्याचा व्यापारी झाला, कोणी जीप चालवली. त्यातल्या एकाचंही बोट त्या काचेला लागलं नव्हतं. आमच्या धंद्यात भिंगावर ठसा नसणं चांगलं समजतात. शाळेच्या भिंगावर ठसा नसेल तर मात्र कोणालातरी जाब विचारायला हवा. तुम्ही नाही आहात, तरी विचारतोच.

मी काय करतो ते तुमच्या कानावर आलं असेल-नसेल. गंगापूर रोडला माझं चष्म्याचं दुकान आहे. मालकाच्या हाताखाली काचा घासण्यापासून सुरुवात केली, आता घासणारे माझ्या हाताखाली आहेत. आणि एक गोष्ट छाती ठोकून सांगतो, सर: माझ्याकडे कुठल्याही भिंगाला कुलूप नाही. गिऱ्हाइकाबरोबर पोर आलं की मीच त्याच्या हातात भिंग देतो, बघ म्हणतो, हात बघ, मुंगी बघ, आईचं नाक बघ. फुटतात की! महिन्याला दोन-तीन फुटतात. आया ओशाळतात, मी म्हणतो, "ताई, काच आहे, फुटणारच. पोरानं पाहिलं ना? मग वसूल." सगळं दुकान मी तुमच्या उलट चालवायचं ठरवून चालवलंय, असं म्हटलं तरी चालेल.

धंद्यात डोळ्यांपेक्षा मला माझे कान जास्त उपयोगी पडले. समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचताना माणूस "दिसतंय" म्हणतो. खरंच दिसत असेल तर तो शब्द सपाट येतो, आणि अंदाजाने ठोकत असेल तर शेवट जरासा वर जातो, जणू मलाच विचारतोय. आजवर त्यात मी फसलो नाही. मोठमोठे साहेब येतात, मी हळूच म्हणतो, "साहेब, वाचू नका, बघा," की लगेच हसतात आणि कबूल होतात.

तुम्ही आम्हाला प्रकाश शिकवला तो खडूने. फळ्यावर एक आडवी रेघ, मध्ये भिंग, डावीकडे बाण सरळ, उजवीकडे बाण उलटा. तुमच्या जगात सगळ्या वस्तू बाणच होत्या. अंतर्वक्र आरसा, बहिर्वक्र आरसा, वास्तव प्रतिमा, आभासी प्रतिमा, आम्ही पाढ्यांसारखं सुरात म्हणत होतो. आरशांची अख्खी जात पाठ केली, आणि शाळेत आरसा म्हणाल तर एकच, शिक्षकांच्या खोलीत, भांग पाडायला. भिंग कपाटात होतं. कपाटाची किल्ली तुमच्या सदऱ्याच्या खिशात होती, तुम्ही फळ्याकडे वळलात की ती खिशातल्या सुट्ट्या पैशांवर वाजायची. तो आवाज मला अजून वेगळा ओळखता येईल.

वर्षातून एकदा ते कपाट उघडायचं, खंडेनवमीला. गावात नांगर, विळे, शिवणयंत्रं पुजायचे, तशी आपली शाळा प्रयोगशाळा पुजायची. तराजू, चुंबक, परीक्षानळ्या आणि मधोमध स्टँडवर ते भिंग, सगळ्यांना हळद-कुंकू. मला तुम्ही झेंडूच्या माळा आणायला लावलं होतं. टेबल भिंतीला टेकवून ठेवलंय, समोर खिडकी आहे, खिडकीबाहेर चिंच. मी माळ घालतो, ती घसरते आणि निम्म्या भिंगावर लोंबकळते. आणि मागच्या चुन्याच्या भिंतीवर मला चिंच दिसते. उलटी, बोटाएवढी, हिरवीगार, वारा आला की हलणारी. तेवढ्यात खालच्या रस्त्याने पोस्टमन सायकलवरून जातो आणि भिंतीवर तोच पोस्टमन डोकं खाली, चाकं वर करून उलट्या दिशेने निघून जातो. मी हात मध्ये धरला तर चिंच हातावर आली. माळ उचलली तर चिंच मोठी झाली नाही, नुसती उजळली. माळ सोडली, पुन्हा फिकी. शेंडा, बुंधा, फांद्या, सगळं जागच्या जागी. वास्तव प्रतिमा म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं, आणि पुढच्याच क्षणी कानाखाली तुमची चपराक बसली. "पूजेतल्या वस्तूशी खेळतोस?"

चपराकीचं मला काही नाही. तेव्हा सगळेच मारायचे, आणि तुमचा हात हलका होता. माझा राग दिवाळीनंतरच्या तासाचा आहे. तुम्ही विचारलंत, "भिंगाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला, तर प्रतिमा कशी मिळेल?" मग तुम्हीच सांगितलंत, "अर्धी."

मी उभा राहिलो. "नाय सर. अख्खी मिळती. जराशी फिकी, पन अख्खी."

"कुठे पाहिलंस?"

"खंडेनवमीला. निम्म्या भिंगावर माळ पडली हुती, तरी चिंच अख्खी हुती."

मागून कोणीतरी म्हणालं, "सर, ह्याला देव बी उलटाच दिसतो!" वर्ग हसला, तुम्हीही हसलात. मग हसू आवरून म्हणालात, "शहाण्या, अर्धी खिडकी लावून घेतली तर अंगण अर्धंच दिसतं ना?"

"खिडकीतून तसंच दिसतं सर. पन भिंग म्हंजे खिडकी नाय."

"मग काय आहे?"

मला सांगता येईना. पाहिलेलं सांगता येत होतं, का ते सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, "कपाट उघडा सर, दावतो." तुमचा हात खिशाकडे गेला, सर. किल्ली वाजलेली मी ऐकली. मग हात तसाच परत आला. "फुटलं तर भरून कोण देणार, तुझा बाप? भिंग म्हणजे काय ते ज्या दिवशी सांगता येईल त्या दिवशी वर्गात बस. तोवर बाहेर."

मी दाराबाहेर उभा राहू लागलो. रोज विज्ञानाच्या तासाला. येता-जाता पोरं विचारायची, "काय रे, आज काय दिसतंय? अख्खं का अर्धं?" आठवडे गेले, मी "अर्धी" म्हणालो नाही, तुम्ही आत घेतलं नाहीत. मग मी शाळेच्या वाटेला जाणंच सोडलं. वडील म्हणाले, दारात उभं राहायचंय तर दुकानाच्या दारात राहा, दोन पैसे तरी येतील. असा मी नाशिकला आलो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे, काचा घासता घासता सापडलं. आता सांगतो, आत घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. भिंग म्हणजे पंगतीतले वाढपी. लग्नात प्रत्येक वाढपी अख्ख्या पंगतीतून फिरतो, अमक्याने अमक्याच पानावर वाढायचं असं नसतं. चिंचेच्या प्रत्येक पानावरून निघालेला उजेड सगळ्या भिंगावर पडतो, आणि भिंगाचा प्रत्येक तुकडा आपल्या वाट्याचा उजेड वळवून त्या पानाच्या ठरलेल्या जागी नेऊन टाकतो. निम्मे वाढपी आलेच नाहीत, म्हणून निम्मी पंगत उपाशी उठत नाही. सगळ्यांना मिळतं, प्रत्येकाच्या पानात कमी पडतं. म्हणून चिंच अख्खी आणि फिकी. एवढंच होतं, सर. पण हे मला त्या दिवशी आलं नाही म्हणून भिंतीवरची चिंच खोटी ठरत नव्हती.

आणि तुम्ही चुकीचं सांगितलंत, याचाही मला राग नाही. मीही कित्येकांना चुकीचे नंबर दिले असतील. राग वेगळा आहे. दुकानात अंदाजाने "दिसतंय" म्हणणाऱ्या माणसांचे आवाज ऐकता ऐकता एक दिवस मला तुमची ती "अर्धी" पुन्हा ऐकू आली. तिचा शेवट वर गेला होता. म्हणजे तुम्हीही ठोकून दिलं होतंत! किल्ली तुमच्या खिशात, भिंग चार पावलांवर, समोर खिडकी, बाहेर ऊन, आणि इतकी वर्षं तुम्ही स्वतःसुद्धा एकदा पाहिलं नव्हतंत. भीती होती, मान्य. हेडमास्तर पगारातून कापतील ही भीती मला आता कळते. पण एका काचेला जपता जपता तुम्ही आम्हा सगळ्यांना आंधळं ठेवलंत, आणि वर तिला हळद-कुंकू वाहत राहिलात. हे मला अजून गिळता येत नाही.

हे सगळं आत्ताच का उसळलं, तर माझी नात. दहावीला आहे. गेल्या रविवारी दुकान बंद होतं, ती घरी टेबलावर पुस्तक पसरून बसली होती. मी सहज तोच प्रश्न टाकला. तिने मान वर न करता सांगितलं, "पूर्ण प्रतिमा मिळते, तीव्रता कमी होते." पुस्तकात आता बरोबर छापतात, सर. मला आनंद व्हायला हवा होता. पण तिच्या "होते"चा शेवट वर गेला होता.

"पाहिलंस कधी?"

"कशाला? बरोबर आहे ना? स्क्रीनवर दाखवलंय आम्हाला."

"भिंग कुठाय तुमच्या शाळेत?"

"लॅबमध्ये असेल. कपाटात."

मग मी सुटलोच. चिंच, पोस्टमन, झेंडू, तुम्ही, सगळं सांगितलं. आवाज इतका चढला की सून स्वयंपाकघरातून बघायला आली. उत्तर बदललं, कपाट तेच राहिलं, असं मी टेबलावर हात आपटून म्हणालो. पोरीने पेन खाली ठेवलं. कितीतरी दिवसांनी ती माझ्याकडे पुस्तकाकडे बघतात तसं न बघता खरंखुरं बघत होती. आणि उठली. खिडकीचा पडदा पुरता सारला, बाहेर गुलमोहर, चांगलं ऊन, समोरची भिंत पांढरी. म्हणाली, "मग दाखवा ना आबा. ते तुमच्या सरांचं भिंग आहे ना आपल्याकडे? तेच काढा."

मी म्हणालो, "ते नको. उद्या दुकानात ये, तिथे हवी तेवढी आहेत."

"उद्या क्लास आहे. आत्ता दाखवा की, मी नीट धरते."

"नको, फुटेल."

तिने पडदा होता तसा केला आणि पुन्हा पुस्तकाशी बसली. "राहू द्या आबा. उत्तर येतंय मला." या वेळी शेवट वर गेला नाही, अगदी सपाट आला.

हे पत्र मी कुठे पाठवणार, सर? घडी करून त्या पेटीतच ठेवीन म्हणतो, पण त्यासाठी ती उघडावी लागेल. कळवणहून आणली त्या दिवसापासून पेटी माझ्या लोखंडी कपाटात कुलपात आहे. त्या भिंगातून मी स्वतःही अजून एकदा पाहिलेलं नाही.