उजवीकडची पट्टी

सोमवार, ४

आज कामावर रुजू झालो. लाकूड कापायचा कारखाना. वरच्या मजल्यावर काचेची केबिन, पुढ्यात खालच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा एक मॉनिटर आणि टेबलावर लाल बटण. कुणाचा हात पात्याजवळ गेला की बटण दाबायचं, खालच्या सगळ्या करवती बंद पडतात. नोकरी दादाने मिळवून दिली. तो मोठ्या करवतीवर आहे, हॉलच्या उजव्या टोकाला. डबा देताना वहिनी म्हणाली की घरात एकाने तरी बसून खाण्याची नोकरी पटकावली.

मॉनिटर रुंद, ऐटबाज. चित्र मात्र ताणलेलं. कॉम्प्युटरचं मशीन लिनक्सवर चालतं आणि त्याने हा मॉनिटर ओळखलेलाच नाही. १०२४ बाय ७६८वर अडकून बसलंय. माणसं आडवी, चपटी दिसतात. खाली एक हाडकुळा लोडर आहे, त्याला सगळे पैलवान म्हणतात. पडद्यावर तो खरंच पैलवान वाटतो. मी हे नीट करीन म्हणालो, तर दादा म्हणाला, राहू दे, बिचाऱ्याला तेवढंच अंग धरू दे.

मंगळवार, ५

मुकादमाला पडद्याचं विचारलं. चालतंय ते चालू दे, म्हणाला. माझ्या आधीचा माणूस सोडून जाताना बजावून गेला होता की चित्र लहानच ठेवा. का, ते त्याने सांगितलं नाही आणि मुकादमाने विचारलं नाही.

पण आडवं अंतर जवळजवळ पावणेदोनपट दिसतं. बोट आणि पातं यांच्यात किती जागा उरली हे मला कळणार कसं? जेवणाच्या सुट्टीत टर्मिनल उघडलं. पडद्याची मापं ठरवणारी xrandr नावाची आज्ञा दिली, तिच्या यादीत २५६० बाय १०८० नव्हतंच. आकडे काढून घेतले, नवा मोड जोडला, लागू केला. पडदा क्षणभर काळा झाला, मग माणसं माणसांसारखी दिसू लागली.

कॅमेऱ्याची खिडकी आधी पडद्याबाहेर जायची, तिची उजवी बाजू कापली जायची. आता ती पट्टीही दिसते. दादापलीकडे अजून एक करवत आहे हे मला ठाऊक नव्हतं. तिच्यावर एकजण पाठमोरा काम करत असतो.

बुधवार, ६

दादाला त्या माणसाबद्दल विचारलं. तो हसला. त्याच्या करवतीपलीकडे भिंत आहे आणि भिंतीपलीकडे नाला. वहिनी म्हणाली, पहिल्याच आठवड्यात भावजींना चष्मा लागणार.

दुपारी खाली जाऊन पाहिलं. भिंतच आहे. विटा, उडालेला चुना, खिळ्याला टांगलेला झाडू. वर येऊन पडद्यावर पाहिलं. भिंत नाही, झाडू नाही. फरशी सरळ पुढे जाते.

दुसऱ्या कुठल्या तरी शेडचं चित्र यात मिसळत असणार.

गुरुवार, ७

पट्टीतला तो माणूस फळी कापत नव्हता. पात्याखाली हात सरकवत होता. हात त्याचा नव्हता. हिरव्या चौकड्यांची बाही होती. आपण लाकडाची रेघ सांभाळतो तशी त्याने मनगटापासून कोपरापर्यंत रेघ सांभाळली. मग दोन्ही तुकडे हाताने झटकून थप्पीवर ठेवले. भुसा लाल होऊन गोळा झाला.

मी बटण दाबलं. हॉल थांबला. ती करवत थांबली नाही.

मुकादम शिव्या घालत वर आला. त्याला पट्टी दाखवली. त्याला तिथे भिंत दिसली. पुन्हा उगाच बटण दाबलंस तर घरचा रस्ता धर, आणि भावालाही सोबत ने, असं सांगून गेला.

शुक्रवार, ८

पैलवान आज हिरव्या चौकड्यांचा शर्ट घालून आला. दादाच्या करवतीवर फळी धरायला उभा राहिला. मी पाहिलं. बटणावर हात ठेवला. मुकादम खालून वर बघत होता. मी थांबलो. एक श्वास, जास्त नाही.

पात्याने बाही ओढली. मनगटापासून कोपरापर्यंत, रेघेवर. तो ओरडला नाही, नुसता हाताकडे बघत राहिला. हाड चिरल्याचा आवाज काचेतून वर आला. दादाने स्वतःचा पट्टा काढून त्याचा दंड आवळला. पट्टा निसटत होता. संध्याकाळी नळावर वहिनी दादाचे कपडे धूत होती. पाणी निवळेना.

शनिवार, ९

पट्टीतला तो आता कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा आहे. डोळ्यांच्या जागी भुसा भरलेला. हातात मोजायची टेप.

पट्टीच्या डाव्या कडेशी येऊन त्याने टेप बाहेर सरकवली. दादाच्या पाठीला लावली. मानेपासून कमरेपर्यंत.

दादाने मान खाजवली.

घरी दादाला म्हणालो, सोमवारी जाऊ नकोस. पैलवान नाही, मीही बसलो तर करवत काय मुकादमाची बायको चालवणार, असं म्हणाला आणि झोपला. वहिनीला सगळं सांगितलं. ती दादाच्या डोक्याशी बसून राहिली.

सोमवार, ११

दिसणार नाही ते होणार नाही. सकाळीच चित्र लहान केलं. १०२४. तो गेला. टेपचं टोक उरलं, दादाच्या खांद्यावर.

अजून लहान. ८००. टेप गेली.

दादाही गेला. तो कडेलाच उभा असतो. कापला गेला.

काचेतून खाली पाहिलं. करवत चालू. पुढे कुणी नाही. फळी अर्धी चिरलेली.

धावलो. भिंत. विटांना हात लावला, विटा थरथरतायत. मुकादम म्हणतो, चहाला गेला असेल.

वर आलो. रुंद केलं. दादा आहे — पट्टीत. करवतीच्या टेबलावर. जिवंत. एक पाय पात्याखाली, दुसरा झाडतोय. बटण दाबलं. दाबलं. दाबतोच आहे.

पट्टी संपते तिथे दाराची अर्धी चौकट दिसते. चित्र अजून रुंद केलं तर दार — दादा हात लांब करतोय त्या बाजूला —

३४४० टाकलं. मॉनिटर घेत नाही. काळा. आंधळ्यासारखा टाइप करतोय. आवाज भिंतीतून येतो. लाकडाचा नाही.

आलं. पुन्हा २५६०च. दार नाही.

दोन्ही पाय थप्पीवर. तो भुशाच्या डोळ्यांचा टेप पुसतोय. कमरेशी रेघ मारली.

दादा कॅमेऱ्याकडे बघतोय. ओठ हलतात. लहान कर म्हणतोय. तेच शब्द, परत परत. लहान कर.

केलं तर तो दिसणार नाही. नाही केलं तर —

पातं कमरेला —

वहिनी, मी आता ८०० टाक