बाटल्यांचा धाक

७ फेब्रुवारी १९९२
गोरखशेठ दवाखान्यात येऊन गेले. सोळा तारखेला कोनच्या माळावर टांग्यांची शर्यत, आणि हे कमिटीचे अध्यक्ष. "मॅडम, जनावरांची डॉक्टर म्हणून तुमी खुर्चीवर बसा." गेल्या वर्षीही बसले होते — शोभेची बाहुली! लंगड्या घोड्याला दुखणं मारायची सुई टोचून कुणीतरी पळवला, वळणावर त्याचा पाय मोडला. त्याला शेवटची सुई मीच दिली. यंदा अट घातली : पळणाऱ्या प्रत्येक घोड्याची लघवी तपासायला पाठवणार. शेठ हसले. "पाठवा की!"
कुठे पाठवणार, देव जाणे.

१० फेब्रुवारी
मुंबईला तीन ठिकाणी फोन केले. गावच्या शर्यतीतली लघवी कोणी तपासत नाही. एकाने तर हसतच फोन ठेवला. आता माघार घेतली तर नाक कापलं जाणार, वर आणखी एखादा घोडा मरणार. घरी नवऱ्याला, अविनाशला सांगितलं. म्हणाला, "बाटल्या भर, लेबलं लाव. झाकली मूठ सव्वा लाखाची!"

११ फेब्रुवारी
टांगास्टँडवर सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं — "कुठलीही सुई टोचली असली तरी बाटलीत कळतं. घोडा बाद!" तपासणार कोणीच नाही, आवाज मात्र खणखणीत.
काशिराम अगदी पुढे उभा, मान डोलावत होता. हा माणूस घोडीवर चाबूक उगारत नाही, म्हणून मला आवडतो. त्याच्या रंभाला मागच्या पायाला तारेने खरचटलंय. जखम धुतली, पण धनुर्वाताचं इंजेक्शन दवाखान्यात संपलेलं. परवा घोडीला घेऊन ये म्हटलं. "हां बाई, आनतो."

१३ फेब्रुवारी
काशिराम फिरकला नाही. निरोप धाडायला हवा. पण डोक्यात एकच — कोणी रिपोर्ट मागितला तर? नोकरी जाईल माझी!

१६ फेब्रुवारी
तीन मालकांनी सकाळीच घोडे मागे घेतले, आपणहून! गोरखशेठनेसुद्धा!! म्हणजे तेव्हाचं हसणं वरवरचंच.
आणि रंभा पहिली! काशिराम धावत आला — "बाई, भरा बाटली! माझी घोडी चोख हाय." पठ्ठ्याने शीळ घालून घोडीला मोकळं केलं आणि स्वतःच्या हाताने बाटली भरून दिली. मला रडूच आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं, आपण कामाच्या आहोत.
इंजेक्शनचं विचारायचं राहूनच गेलं.

१९ फेब्रुवारी
बाटल्या दवाखान्याच्या कपाटात. वास मारतोय. रिपोर्टचं कोणी विचारलं की मुंबईहून येतोय म्हणते. खोटं बोलणं फारच सोपं जायला लागलंय.

२४ फेब्रुवारी
रंभाचं तोंड उघडत नाही. मान लाकडासारखी, शेपूट ताठ. धनुर्वात. सगळं दिलं — उशीर झालाय, मला माहीत आहे. काशिरामवर ओरडले, "आण म्हटलं होतं ना! विसरलास कसा?" तो हातातला ओला फडका तिच्या तोंडाला लावत होता.

२६ फेब्रुवारी
रंभा सकाळी गेली.
तो विसरला नव्हता. दवाखान्याच्या फाटकापर्यंत तिला घेऊन आला होता, तिथूनच परत फिरला. "तुमीच बोल्लात ना बाई, कुठलीबी सुई बाटलीत कलते."
मग डोळे पुसून त्याने विचारलं, "बाटलीत काय नाय ना निघाला?"
"काही नाही," म्हणाले मी.