चार नंबरची मुलगी

अल्बर्ट टाऊन, १८ जानेवारी

चि. जोडियन हिस आत्याचे अ. आ.

तुझा धावतानाचा व्हिडिओ मिळाला. तुझ्या प्रशिक्षक मिस पिनॉक लिहितात, तुझा वेग घसरलाय. तुला धावायला मी शिकवलं, म्हणून मार्चच्या शालेय स्पर्धेत तुला उतरवायचं की वर्षभर बसवून ढब सुधारायची, ते मीच सांगावं असं त्यांचं म्हणणं. तो व्हिडिओ मी शेजारच्या ऑब्रे शिंप्याच्या दुकानात सगळ्यांना दाखवला. पाद्री म्हणाले, कोपरं पसरतात. भाजीवाली म्हणाली, पोरगी उपाशी दिसते. ऑब्रे म्हणाला, डावीकडे कलते. मला तर तू बसायला खुर्ची शोधतेयस असं वाटलं. हे मी शिकवलेलं नाही.

फोनवर तू मध्येच बोलतेस, म्हणून पत्र. जेवत जा.

रागावली तरी तुझीच,
आयोनी आत्या

किंग्स्टन, २६ जानेवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तो व्हिडिओ माझ्या मैत्रिणीने, नॅडीनने, एका हाताने पॅटी खात काढलाय, तोही वळणावर. वळणावर सगळेच डावीकडे कलतात. शिवाय ती शेवटची फेरी होती, खुर्ची अख्खा गट शोधत होता. एवढ्यावरून माझं वर्ष घालवणार?

आता सहाजणींचे नीट काढून पाठवते. कॅमेरा स्टँडवर, सरळ पट्टा, वेग सारखा, बूट सारखे. एकदा बाजूने, एकदा मागून. गळ्याच्या वरचं चित्र कापलंय, चेहरे नाहीत, नुसते नंबर आहेत. सावकाश चालवून बघ आणि प्रत्येकीचं लिहून ठेव. आठवड्याने जुनं टिपण न बघता पुन्हा बघ. ऑब्रेकाकांनाही वेगळं बघू दे. तोवर एकमेकांशी त्यावर बोलायचं नाही. दोघांना दोन्ही वेळा तेच दिसलं, तरच खरं. मग जे ठरेल ते मी मुकाट्याने मानेन.

लोभ कमी केलास तर मीही पत्र पाठवणार नाही.
जोडियन

अल्बर्ट टाऊन, ४ फेब्रुवारी

चि. जोडियन, अ. आ.

पहिली पाहणी झाली. ऑब्रेची आणि माझी भिंत एकच, त्यामुळे सध्या आम्ही फक्त हवापाण्यावर बोलतो.

दोन नंबर तूच, अंधारातही ओळखेन. कंबर बसलेली, हात ओले कपडे पिळल्यासारखे. चार नंबर कुणाची गं? काय धावते. पाठ ताठ, गुडघा वर. माझे डोळे भरून आले. ती दुसऱ्या शाळेची असली तर तुमचं काही खरं नाही.

काळजीत,
आत्या

किंग्स्टन, ८ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न.

हसून हसून पोट दुखलं. दोन नंबर म्हणजे मिस पिनॉक. हौसेने आमच्याबरोबर धावल्या. त्यांना यातलं काही कळवू नकोस. चार नंबर मी. आता मिसना लगेच दोन ओळी लिही, की जोडियन धावेल. दुसऱ्या पाहणीची काही गरज नाही.

माया अशीच ठेव.
तुझी जोडियन

अल्बर्ट टाऊन, १३ फेब्रुवारी

चि. जोडियन, अ. आ.

तुझं पाकीट आलं तेव्हा दुसरी पाहणी व्हायची होती, म्हणून ते फोडलं नाही. नियम तूच घातले होतेस.

काल आम्ही दोघांनी टिपणं समोरासमोर ठेवली. बाकी कशावर जमलं नाही. दोन नंबरला ऑब्रे राणी म्हणतो. चार नंबरचं मात्र दोघांचं दोन्ही वेळा एकच: ढब सुरेख, पण उजवं पाऊल टेकलं न टेकलं तोच उचलते, प्रत्येक वेळी. पहिल्या पाहणीतच मला ते दिसलं होतं. परक्याची पोर म्हणून तुला लिहिलं नाही. ऑब्रे म्हणाला, ही पोर दुखणं लपवतेय, हिच्या घरी कुणी विचारत नाही का. मीही म्हटलं, कसली माणसं असतात एकेक. मग तुझं पाकीट फोडलं.

कुठे दुखतंय, बाळ? मिसना मी काही लिहिलेलं नाही. ते तू स्वतः जाऊन सांगायचंस. शनिवारच्या बसने मी येते.

तुझी आत्या

किंग्स्टन, १७ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न.

नडगी दुखतेय, नाताळापासून. तू बसवशील म्हणून सांगितलं नाही. काल मिसना सांगितलं. एक्सरेत हाडाला बारीक चीर दिसली. यंदा धावायचं नाही. मी खूप रडले. डॉक्टर म्हणाले, आणखी धावले असते तर हाड मोडलंच असतं.

मिस विचारत होत्या, एवढ्या लांबून आत्याला कसं कळलं. मी म्हटलं, चार नंबर मी आहे हे तिला माहीत नव्हतं म्हणून.

बस चुकवू नकोस.
तुझी जोडियन