तीस बाय चाळीसची शेड

मोहने,
९ नोव्हेंबर २०२४

प्रिय नामाभाऊजी यांना शीलावहिनीचा आशीर्वाद. कलावतीलाही मी विचारलंय म्हणून सांगा.

कोपरला सगळे बरे असाल. तुमची पाठ आता कशी आहे? फोन केला तर तुम्ही उचलत नाही, मेसेज जात नाहीत, म्हणून शेवटी पोस्टातून पाकीट आणलं. दहावीनंतर एवढं मराठी लिहायची वेळ आली नाही. चुकलंमाकलं समजून घ्या.

बातमी अशी, की घरामागे शेडचं काम सुरू झालं. एप्रिलमध्ये तुम्ही दोघा भावांनी चुन्याने आखली होती तीच जागा, घरापासून पंधरा फूट सोडून. तीस बाय चाळीस, उंची चौदा. पुढे मोठं शटर, बाजूला माणसाच्या ये-जा करायला छोटं दार. आत एका बाजूला दोन गाड्या उभ्या राहतील, दुसऱ्या बाजूला लेथ, ड्रिल, वेल्डिंग. मी म्हटलं, अहो, रिटायर झालात, आता एवढं मोठं वर्कशॉप कशाला, घराला लागून एक छोटी पडवी काढा की. तर म्हणाले, "शीला, पस्तीस वर्षं दुसऱ्याच्या टूलरूममध्ये काढली. आता आपली."

लोखंडाचं काम आंबिवलीच्या भावेशला दिलंय. माणूस शांत आहे, आणि ते बरंच झालं. कारण ह्यांचं तुम्हाला माहीत आहे, टेप घेऊन सकाळ-संध्याकाळ मापं घेत असतात. एकच माप चार-चारदा. भावेश हसतो, "काका, पाया काय पळून जाणार नाय." मागच्या आठवड्यात एक गंमत झाली. एका खांबाचा खड्डा नेमका शटरच्या मधोमध खणला गेला. भावेशने कागद दाखवला, ह्यांच्याच हातचा नकाशा, त्यात खांब तिथेच. हे म्हणाले, हा कागद माझा नाहीच. मग खड्डा बुजवून दुसरीकडे घेतला. कामात अशा चुका होतातच.

शटर बघायला परवा माजिवड्याला गेले होते. यायला फार उशीर झाला. तिकडे ट्रॅफिकचं काही खरं नसतं.

त्या दिवशी तुमच्यात जे झालं त्याविषयी मी या पत्रात लिहीत नाही. मोठ्या भावाच्या तोंडून जे शब्द गेले ते जायला नको होते, एवढंच म्हणते. पत्रे चढायच्या आधी एकदा येऊन बघून जा. तुमची नजर फिरली म्हणजे मला बरं वाटेल.

आमचं इथे सगळं व्यवस्थित आहे. काळजीचं काही कारण नाही.

तुमची वहिनी,
शीला


मोहने,
११ फेब्रुवारी २०२५

नामाभाऊजी,

पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही. बरोबरच आहे. त्या पत्रात खरं असं फार थोडं होतं.

शेड बांधून झाली. पत्रे चढले, कोबा झाला, मशीन बसल्या. लांबून पाहिलं की छाती भरून यावी अशी झालीय. आणि मला तिच्याकडे बघवत नाही. सकाळी मागचं दार उघडलं, की ती समोर दिसते आणि मी दार परत लोटून घेते.

गेल्या मंगळवारी दुपारचं जेवण झाल्यावर हे शेडमध्ये गेले. म्हणाले, एका बिजागरीला धार राहिलीय, तेवढी ग्राइंडरने मारून येतो. मी ओट्यावर मेथी निवडत बसले. तुम्हा लोकांबरोबर एवढी वर्षं काढली, आवाज मलाही कळतात. ग्राइंडर लोखंडाला लागला की आवाज जड होतो, उचलला की हलका होतो. त्या दिवशी तो हलकाच राहिला. एकसारखा, बारीक, थांबेचना. आणि मग पत्र्यावर थापा ऐकू आल्या. दोन्ही हातांनी कुणीतरी पत्रा बडवत होतं.

मी धावले. शटर खाली ओढलेलं, छोट्या दाराला आतून कडी. ठिणग्या बाहेर सुकवलेल्या कपड्यांवर जातात म्हणून मीच एकदा ओरडले होते, त्यामुळे ते सगळं बंद करून काम करतात. मी हाका मारल्या. आतून आवाज आला, "शीला, दार कुठंय?"

आधी मला वाटलं, धूर झाला असेल, दिसत नसेल. खिडकीखाली पिंप ओढलं आणि वर चढून पाहिलं. धूर नव्हता. लख्ख उजेड होता. हे मागच्या भिंतीशी उभे राहून पत्रा चाचपत होते. दार त्यांच्या पाठीमागे, वीस पावलांवर. ग्राइंडर जमिनीवर पडला होता, बटण चालूच, वायरीला हिसके देत कोब्यावर गरगरत होता. त्यांच्या आणि दाराच्या अगदी मधे. मेन स्विच आतच.

भाऊजी, मी त्या पिंपावर उभी राहून भिंतीवरून दारापर्यंतची वाट नजरेने मोजली.

मग म्हटलं, "अहो, उजवा हात पत्र्यावर ठेवा. उचलू नका. तसंच चालत या." ते म्हणाले, "कुठे?" मी म्हटलं, "मी सांगते तसं." लहान मुलासारखे आले. हात पत्र्यावर घासत, कोपऱ्यातून वळून, भिंतीभिंतीने. एकदा ग्राइंडर उसळून त्यांच्या पायाशी आला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते पुढे सरकले होते, पँट नडगीवर फाटली होती. दारापाशी आले, कडी हाताला लागली, ती काढता आली. मी आत जाऊन आधी मेन पाडला.

बाहेर पायरीवर बसल्यावर त्यांनी मला विचारलं, "मला कोंडलं कुणी?" थोड्या वेळाने शेडकडे बघत म्हणाले, "ही कुणाची गं एवढी मोठी?"

नडगीवर ओरखडा आहे फक्त. देवाने वाचवलं.

शुक्रवारी ठाण्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोक्याचा फोटो काढला, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, महिना विचारला. आजाराचं नाव त्यांनी सांगितलं, ते तुम्हीही ओळखलं असेल. विसरण्याचा आजार. वाढत जाणारा. मला धक्का बसल्यासारखं मी केलं, पण बसला नाही. मला माहीत होतं. माजिवड्याला उशीर ट्रॅफिकमुळे झाला नव्हता. ज्या चौकातून त्यांनी पस्तीस वर्षं कंपनीची बस पकडली, तिथे ते दोन तास उभे होते. एका रिक्षावाल्याने त्यांच्या फोनवरून मला कळवलं. आणि कंपनीतून ते दोन वर्षं आधी आपणहून निघाले असं मी सगळ्यांना सांगितलं, तेही तसं नाही. साहेबांनी मला बोलावून घेतलं होतं, आता ह्यांना मशीनवर ठेवता येणार नाही म्हणाले.

आता तुमचं.

एप्रिलमध्ये चुना मारून झाल्यावर चहा होत होता, ह्यांचा मायक्रोमीटर सापडेना, आणि त्यांनी कलावतीच्या देखत तुम्हाला चोर म्हटलं. तुम्ही गेलात. तिसऱ्या दिवशी तांदूळ काढताना तो माझ्या हाताला लागला. तांदळाच्या डब्यात, तळाशी, फडक्यात नीट गुंडाळलेला. ह्यांच्या गाठीची पद्धत मी ओळखते.

मी तो माझ्या साड्यांखाली ठेवला. कुणाला सांगितलं नाही. दहा महिने.

मी वाईट बाई नाही असं मला वाटत होतं. पण बघा, तुम्ही चोर ठरलात तर हे नुसते तापट ठरत होते. तुम्ही चोर नाही म्हटलं, की मग ह्यांना काय म्हणायचं? ते म्हणायची मला भीती वाटली. म्हणून मी तुम्हाला चोर राहू दिलं. कलावतीने माझ्या डोळ्यांत बघितलं होतं निघताना, आणि मी मान खाली घातली होती. ती मान अजून वर आलेली नाही.

भावेशला सांगून शेडचा मेन स्विच आता स्वयंपाकघरात घेतलाय. मी तो पाडून ठेवते आणि म्हणते, लाईट गेलीय. हे शेडसमोर खुर्ची टाकून लाईट यायची वाट बघत बसतात. डॉक्टर म्हणाले, सगळं काढून घेऊ नका, हाताला सवयीचं काम हवं, ते गेलं की माणूस लवकर खचतो. पण शेजारी जाणता माणूस हवा, क्षणभरही एकटं सोडायचं नाही. मी जाणती नाही. मला फक्त आवाज कळतात.

भांडण त्यांच्या डोक्यातून पुसलं गेलंय. रोज विचारतात, नामा कधी येतोय. काल मी बघितलं, शेडमध्ये कामाची टेबलं दोन आहेत, आणि एक दुसऱ्यापेक्षा चांगलं चार इंच उंच. मी भावेशला म्हटलं, हे चुकलं काय? तो म्हणाला, "नाय मावशी, काकांनी मुद्दाम सांगितलं. भाऊ उंच आहे म्हणाले, वाकून त्याची पाठ जाते."

तुम्ही या असं म्हणायचा मला हक्क नाही. तरी म्हणते. मला फार भीती वाटते, भाऊजी. दिवसाढवळ्या, स्वतःच्या घरात.

तुमची अपराधी,
शीला


कोपर, डोंबिवली पश्चिम
१४ फेब्रुवारी २०२५

वहिनी, नमस्कार.

तुमचं पत्र कलावतीने वाचलं, मग मी. ती रडली नाही, चिडली. गॅसवरचं तसंच टाकून गॅलरीत जाऊन उभी राहिली. दहा महिने तिने चाळीत आणि माहेरी काय काय ऐकलंय ते तुम्हाला ठाऊक नाही. तिला वेळ लागेल. तुम्ही स्वतः येऊन तिच्याशी बोला, पत्राने हे भागायचं नाही.

पण आता तुम्ही खरं लिहिलंत, तर मलाही लिहिलं पाहिजे. हे पत्र मी कलावतीला दाखवलेलं नाही.

मी त्या दिवशी रागाने गेलेलो नाही.

तुम्ही आत चहा गाळत होता. दादा मला शिव्या देत होता, आणि मध्येच त्याने मला वेगळ्याच नावाने हाक मारली. कंपनीच्या जुन्या स्टोअरकीपरच्या नावाने. तो माणूस वारून वीस वर्षं झाली. मी दादाच्या तोंडाकडे बघितलं आणि मला आमचे वडील, अण्णा दिसले.

अण्णांचं तुम्ही म्हातारपण समजलात. तुम्ही दोघं गावी यायचात तेव्हा ते चार तास शहाण्यासारखे बसायचे. तुमची एसटी हलली की विचारायचे, ही माणसं कोण होती. शेवटची दोन वर्षं मी होतो तिथे. त्यांना भरवलंय, धुतलंय, शेतातून शोधून आणलंय. एकदा त्यांनी मला चोर समजून माझ्यावर कोयता उगारला होता. मी दादाला यातलं काही सांगितलं नाही. त्याला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं, असं मी समजत होतो. खरं म्हणजे बोललो असतो तर ते खरं झालं असतं.

म्हणून एप्रिलमध्ये मी बाईक काढली आणि शहाडच्या पुलापर्यंत थांबलो नाही. पुढे सगळे म्हणाले, नामाला राग आला. मी म्हटलं, बरं, राग तर राग. रागावलेल्या माणसाला कुणी परत बोलावून कामाला लावत नाही. तुम्ही मला चोर राहू दिलंत म्हणता. मीही राहिलोच की, सोयीने.

अजून एक. गेल्या महिन्यात मी लेथवर उभा होतो, चावी हातात, आणि चक, म्हणजे लोखंड पकडणारा जबडा, कुठल्या बाजूला फिरवला की सुटतो ते मला आठवेना. तीस वर्षं रोज फिरवतोय. मिनिटभर असेल. मग आठवलं. पण ते मिनिट माझ्या डोक्यातून जात नाही. दादा बासष्टचा, मी पंचावन्नचा. अण्णांना साठीच्या आतच सुरू झालेलं. तेव्हापासून मी रोज सकाळी उठल्या उठल्या मुलांच्या जन्मतारखा मनात म्हणून बघतो.

रविवारी, तेवीस तारखेला, सकाळी नऊपर्यंत पोचतो. तोवर भावेशला एवढं करायला सांगा. छोट्या दाराची आतली कडी काढून टाका. दार आतून पिवळ्याजर्द रंगाने रंगवा, भिंती तशाच ठेवा. हातातला ग्राइंडर कपाटात कुलूप लावून ठेवा, त्याची किल्ली दादाकडे नको, माझ्याकडेही नको. लेथवर तो काम करील, मी शेजारी असेन. जमेल तितके दिवस. नंतर कानस आणि व्हाइस, नुसतं हाताचं काम. नंतरचं नंतर.

लाईट गेली असं त्याला सांगू नका. नामा येतोय, तोवर थांबायचं, असं सांगा. विसरला तर परत सांगा.

आणि आम्ही दोघं आत काम करत असू तेव्हा तुम्ही स्वयंपाकघराच्या मागच्या दारात, मेन हाताशी राहील अशी खुर्ची टाकून बसत जा, वहिनी. तुम्हाला आवाज कळतात म्हणालात ना. कान दोघांकडेही ठेवा. माझ्या मशीनचा आवाज कधी नको तेवढा एकसारखा वाटला, तर माझा मान ठेवत बसू नका. सरळ मेन पाडा.

भीत भीत का होईना, येणारा,
तुमचा दीर,
नामा