खुराना अंकलचं छत

१२ एप्रिल, रविवार
माफी. मागची नोंद ३ जानेवारीची, आणि तिच्यात "यंदा रोज लिहायचंच" असं ठाम वाक्य. लॉकडाऊन कारण म्हणून द्यायला सोयीचं आहे, पण जानेवारीत तो कुठे होता? आळस केला.

आजची बातमी: बादली. भाजीवाल्याचा ठेला सोसायटीच्या आवारात येतो, पण त्याला जिना चढायला मनाई आणि आम्हाला ठेल्याभोवती जमायला. काल तिसऱ्या मजल्यावरून दोरीने पिशवी सोडली. ती गरगर फिरली आणि दोन टोमॅटो खालच्या खुराना अंकलच्या कठड्यावर फुटले. मिलिंद म्हणाला, बादली हवी, सरळ येते. घरात बादल्या दोन. फरशी पुसायच्या, पोछ्याच्या बादलीतून भाजी आणणं मला जमणार नाही. म्हणून आंघोळीची निळी बादली दोरीला, आणि आम्ही तिघं शॉवरखाली. केतकी खूश: "फायनली, आई. सोळा साल से मगाने नहा रही हूँ."

टोमॅटोबद्दल सॉरी म्हणायला हवं होतं. पण खु. अंकलशी दोन वर्षं बोलणं नाही. त्यांच्या बाथरूमच्या छताला सीलन आहे, ओल झिरपते, आणि त्यांच्या मते पाणी आमचं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी उभी राहून सर्वांसमोर म्हणाले होते, "हमारे बाथरूम से एक बूँद नहीं जाती." तसं मिनिट्समध्येही आहे. तपासून बोलले होते का? नाही.

१५ एप्रिल, बुधवार
घरून फायली. एका नोटवर "तपासून सादर करावे" असा शेरा मारला आणि उगाच ओशाळले.

लिंबं आठ सांगितली, वर सहा आली. भाजीवाला शपथेवर आठ म्हणतो. मि. म्हणतो, त्याने मोजण्यात चूक केली असेल. सोमवारीही दोन कमी होती.

१६ एप्रिल, गुरुवार
आज मी वाकून बघत दोरी ओढली. बादली दुसऱ्या मजल्याशी आली, बाल्कनीतून एक हात आला. पांढरे केस, स्टीलचं कडं. मेथीची जुडी बाजूला सारून दोन लिंबं निवडून घेतली. निवडून. एक परत ठेवून दुसरं घेतलं.

मी दोरी धरून उभी. ओरडायला हवं होतं. काय म्हणून ओरडणार? "अंकल, चोर"?

मि.: "घेऊ दे. नुकसानभरपाई समजत असतील."
मी: "कसली भरपाई? आपलं पाणी नाहीये."
मि. काही बोलला नाही. बावीस वर्षांच्या संसारात तो असा गप्प राहिला की माझं काहीतरी चुकलेलं असतं.

१८ एप्रिल, शनिवार
कपडे वाळत घालताना खालून खु. अंकलचा फोन ऐकू आला. मुद्दाम ऐकला नाही. (सुरुवातीला नाही. नंतर चिमटे हळू लावले.) मुलगा गुरुग्रामला, मध्ये राज्याची बॉर्डर बंद. म्हणत होते, "खाना ठीक है बेटा, खिचड़ी सीख ली. नींबू भी मिल जाते हैं." मग: "छत? फिर टपक रही है. इसी हफ़्ते से ज़्यादा. तसला रख दिया है नीचे." म्हणजे खाली घमेलं.

इसी हफ़्ते से.

बादली गेली, शॉवर आला. शॉवर खिडकीकडच्या कोपऱ्यात आहे. तिथल्या फरश्यांच्या सांध्यांत नखाएवढ्या फटी. आज गुडघे टेकून पाहिल्या. दोन वर्षांपूर्वीही गुडघे होते मला.

१९ एप्रिल, रविवार
संशयावर निष्कर्ष काढू नये. तपास करायचं ठरवलं. होळीचा उरलेला गुलाबी रंग, पाण्यात कालवायचा तो, अख्खी पुडी. मि. दुपारी झोपला असताना कोपऱ्यात ओतला. पाणी दहा मिनिटांत गायब झालं. मोरीकडे गेलेलं दिसलं नाही.

आता पाणी कुठे निघालं ते बघायचं. ते दिसणार खु. अंकलच्या छतावर. म्हणजे दिसणार खु. अंकलना. हा विचार पुडी रिकामी झाल्यावर सुचला. एम.ए. फर्स्ट क्लास.

२० एप्रिल, सोमवार
खालून काही नाही. दोनदा कान लावला. मि.च्या टाचा गुलाबी झाल्यात, विचारतो, हे कशाने? म्हटलं, उन्हाळा.

संध्याकाळपर्यंत मला पटलं की आपण निर्दोष. इतकी हलकी झाले की साबुदाण्याची खिचडी केली. नंतर वाटलं, निर्दोष असण्याचा एवढा आनंद निर्दोष माणसाला होतो का?

२१ एप्रिल, मंगळवार
बादली वर आली. बटाटे, भेंडी, लिंबं सहा. लिंबांवर चिठ्ठी, जुन्या पद्धतीच्या सुंदर हिंदी अक्षरात:

"मैडम, मेरे बाथरूम की छत गुलाबी हो गई है. सुबह नहाते हुए मैं भी. होली तो मार्च में थी. क्या आपके यहाँ अब तक चल रही है?"

केतकी हसून हसून पलंगावर पडली. मि. हसला नाही, म्हणजे आतून जास्त हसत होता. मग म्हणाला, "अगं, तू स्वतःच स्वतःविरुद्ध पुरावा तयार केलास? तोही रंगीत?" मी म्हटलं, सत्य शोधत होते. तो म्हणाला, "ते बिचाऱ्यांच्या डोक्यावर सांडून?"

केतकी: "आई, सॉरी बोल दे ना यार. एक लाइन की बात है."

२२ एप्रिल, बुधवार
एक ओळ जमली नाही. पहिल्या मसुद्यात "प्रतीत होता है कि" आलं, ते ऑफिसचं. दुसऱ्यात मि.ने "संभवतः" घातलं, सोसायटी उद्या अख्ख्या बिल्डिंगची सीलन आपल्या नावावर मांडेल म्हणून. तिसरा मी एकटीने बसून लिहिला: "अंकल, पानी हमारा है. उस दिन बिना जाँचे कहा था. टमाटर भी हमारे थे. माफ़ कीजिए." टोमॅटो राहू द्यावेत का? राहू दिले.

शॉवर बंद. पोछ्याची बादली तीनदा घासून आंघोळीला. केतकी निषेध म्हणून आज पारोशीच.

२३ एप्रिल, गुरुवार
चिठ्ठी, मोजून आठ लिंबं आणि डब्यात वरण घालून बादली दुसऱ्या मजल्यापर्यंत सोडली. हात आला. लिंबं घेतली, या वेळी न निवडता. डबा घेतला. चिठ्ठी घेतली. खाली डब्यात चमचा वाजत राहिला. माझा हात भरून आला. मि. म्हणाला, मी धरू? म्हटलं नको, ही माझी दोरी.

मग खालून दोन वर्षांनी पहिल्यांदा मला उद्देशून आवाज: "खींचिए."

बादलीत माझीच चिठ्ठी परत. मागे लिहिलेलं:

"बेटा, यह मुझे अकेले में नहीं चाहिए. 'एक बूँद नहीं' आपने सबके सामने कहा था. इतवार को कमेटी की मीटिंग है, वीडियो पर. वहाँ कहिए. मैं सुनूँगा. मगर मुझे यह वीडियो जोड़ना नहीं आता. दाल अच्छी थी, नमक कम."

मि.ने वाचलं आणि म्हणाला, "त्यांना जोडायला येत नसेल तर..." आणि माझ्या तोंडाकडे बघून वाक्य तिथेच सोडलं. खरं सांगायचं तर हा विचार त्याच्या आधी मला आला होता. वही आहे म्हणून लिहिते.

रविवारी चाळीस घरं असतील. तोंडातून काय निघेल माहीत नाही. मागच्या वेळीही माहीत नव्हतं.

उद्या: अकरा वाजता बाल्कनीतून वाकून खु. अंकलना मीटिंग जोडायला शिकवणे.