काच वरनं गार

११ एप्रिल
विसरलास ना? काल एवढं बोलले आन आज पान कोरं! मला अक्षर येत न्हाई, फोना, तुला आठवण ऱ्हात न्हाई. जोडी जमली. पुन्यांदा सांगते, आता तरी लिहून ठेव.

लोणंदच्या माझ्या जुन्या शेजारणीला, जरिनाला, ऐकू येईनासं झालंय. माणसंबी विसरती म्हणं. तिच्या पोरानं, राहीलनं, फोनात तिचं तोंड दाखवलं. ती बघत बसली, मी बघत बसले. ओळखलं का न्हाई, कळंना. तेवढंच कळायला पायजे बघ मला.

१२ एप्रिल
नानासोनं, माझ्या पोरानं, गच्चीवर उन्हाच्या बंबाच्या नळ्या बसवल्या. कुपवाडात तेच काम करतोय. माझी वाळवणाची जागा गेली! नळीला हात लावला — काच गार. आन आत म्हणं पाणी उकळतंय.

म्हणला, एकात एक दोन काचा हायत, मधली हवा काढून टाकलीया, म्हणून आतली गरमी बाहेर पळत न्हाई.

“मग ऊन आत कशावरनं गेलं?”

“उनाला हवा लागतच न्हाई, आई. सूर्यापासनं इथवर मोकळंच हाय सगळं. मधे काय न्हाई. तरी पोचतंय.”

मी परत नळीवर हात ठेवला.

लोणंदला दोन घरांची गच्ची एकच, मधे गुडघ्याएवढा कठडा. इकडं माझ्या कुरडया, तिकडं जरिनाच्या शेवया. कावळे हाकलायची पाळी असायची. तिच्या पाळीला माझ्या कुरडया कमी भरायच्या. कावळ्यानं नेल्या म्हणायची — अर्धओली कुरडई गालात धरून!

१४ एप्रिल
नळ्यांच्या कडंनं कुरडया घातल्या. चटका लय.

१७ एप्रिल
राहील कांद्याची गाडी घिऊन सांगलीला आलता. कुरडयांचा डबा दिला त्याच्याकडं. कुणी दिला ते सांगू नको म्हणलं. बघू.

१९ एप्रिल
काय न्हाई.

२० एप्रिल
काय न्हाई. नानासो म्हणतो फोन करू. मी नको म्हणलं. भ्या वाटतं.

२१ एप्रिल
राहीलचा फोन! जरिनानं कच्चीच कुरडई तोंडात घातली. चघळली, काढून हातावर घेतली आन हसाय लागली. म्हणली, “तिला म्हणावं, माझे दात गेले. आता गरम चीक पाठव.”

कुरडईचा शिजलेला चीक चुलीपाशीच खायचा असतोय. लोणंदपातूर गरम कसा जाणार? तिला काय ते ठावं न्हाई व्हय!

गहू भिजत घातला. नानासोला सांगितलंय — कच्चा चीक किटलीत भरून पाठव, आन किटली धरायला मला पाठव.